कड्यातलं घर (माइनक्राफ्ट)

कड्यातलं घर म्हणजे माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या (ब्लॉकच्या) व्हिडिओ गेममधे सर्व्हायव्हल मोडवर, म्हणजे जीव सांभाळत, खेळताना डोंगराच्या उभ्या अंगात आत खोदत जाऊन केलेलं राहतं घर. बाहेरून बघणाऱ्याला नुसता कडा दिसतो, फार तर एक दार आणि दोनतीन काचा, बाकी झोपायची जागा, पेट्या, भट्ट्या, शेत सगळं आत. केव्ह बेस, क्लिफ हाऊस, माउंटन बेस ही नावं पण चालतात. आयत्या सापडलेल्या गुहेच्या तोंडाला दार लावून राहणं हा प्रकार या नोंदीत धरलेला नाही, कारण त्यात मागची बाजू उघडी असते आणि कड्यातल्या घराचं सगळं शास्त्र मागची बाजू बंद असण्यावरच उभं आहे. सपाटीवर घर करायचं तर आधी सामान गोळा करा मग बांधा, इथे खोली निघते त्याच कामातून दगड हाताला येतो, मधेच कोळसा किंवा लोखंड लागलं तर तेही पदरात, म्हणजे घर आणि खाण एकच.

उगम

उगमाबद्दल दोन मतं आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिलं मत असं की ही सवय आधीच्या गेममधून आली. माइनक्राफ्टचा कर्ता मार्कस पेर्सन याने ज्या गेमचं ऋण मोकळेपणाने मान्य केलंय त्यात ड्वार्फ फोर्ट्रेस आणि इन्फिनीमाइनर ही नावं ठळक आहेत. ड्वार्फ फोर्ट्रेस २००६ मधे लोकांसमोर आला, त्यात बुटक्यांची टोळी घेऊन डोंगर पोखरायचा, आत दालनं, कोठारं, झोपायच्या खोल्या काढायच्या हाच मुख्य उद्योग. इन्फिनीमाइनर २००९ चा, त्यातही ब्लॉक फोडत डोंगरात शिरायचं पण ते दोन टीमच्या चढाओढीसाठी, मुक्कामाला नाही. तेव्हा डोंगरात घर ही कल्पना ड्वार्फ फोर्ट्रेसकडून आणि ब्लॉक फोडायची रीत इन्फिनीमाइनरकडून असा वंशवृक्ष मांडता येतो, आणि सुरुवातीच्या खेळणाऱ्यांपैकी ज्यांनी आधीचे गेम खेळले होते त्यांच्याबाबत तो पटतो.

दुसरं मत रात्रीवर बोट ठेवतं. १७ मे २००९ ला गेम पहिल्यांदा बाहेर आला तेव्हा त्यात नुसतं ब्लॉक लावणं आणि काढणं होतं, हल्ला करणारे मॉब (गेममधले जीव) नाहीत, रात्र नाही, मग लपायचं कोणापासून. सर्व्हायव्हलची चाचणी त्याच वर्षी सप्टेंबरात आली. टॉर्च (मशाल), भट्टी, क्राफ्टिंग (सामानातून वस्तू बनवणं) आणि दिवसरात्र ही मंडळी त्यापुढच्या इनडेव्ह नावाच्या टप्प्यात, साधारण डिसेंबर २००९ ते फेब्रुवारी २०१० च्या दरम्यान, आणि लाकडी दार व शिडी जून २०१० च्या आसपास. हे सगळं एकत्र आल्याशिवाय आज आपण ज्याला कड्यातलं घर म्हणतो ते होत नाही, त्यामुळे सुरुवात थेट २००९ ला नेणाऱ्यांकडे जरा जपून बघावं आणि २०१० चा पूर्वार्ध धरावा हे बरं.

या मताचा खरा आधार मात्र बेडमधे आहे. बेड आला २२ फेब्रुवारी २०११ ला, गेमच्या बीटा १.३ या आवृत्तीत. गेममधला पूर्ण दिवस २० मिनिटांचा, त्यात गडद रात्र ७ मिनिटांची, आणि संध्याकाळ-पहाट धरली तर आणखी ३. बेड नव्हता तोवर ही रात्र झोपून उडवता येत नव्हती, ती जागूनच काढावी लागायची. बाहेर झोंबी, स्केलेटन, क्रीपर (जवळ येऊन फुटणारा राक्षस) फिरतायत आणि हातात एक कुदळ आहे, अशा वेळी माणूस कड्यात दोन ब्लॉक आत शिरतो, तोंड दगडाने बुजवतो, टॉर्च लावतो आणि सकाळ होईपर्यंत खोदत बसतो. सकाळी बघतो तर खोली तयार. दुसऱ्या रात्री तिथूनच पुढे. असं घर कोणाकडून शिकावं लागत नाही, ते परिस्थितीतून आपोआप निघतं, आणि ज्यांनी आधी कुठलाच असला गेम हातात धरला नव्हता अशी शाळकरी पोरंसुद्धा पहिल्याच रात्री हेच करतात. प्रस्तुत नोंदीचा कल म्हणून या दुसऱ्या मताकडे आहे. बेड आल्यावर गरज कमी झाली आणि त्यानंतर जी कड्यातली घरं दिसतात ती जास्त करून आवडीची, मोठ्या काचांची, सजवलेली.

कडे कसे मिळतात यावरही बरंच ठरतं. अल्फा-बीटाच्या काळात जमीन वेडीवाकडी तयार व्हायची, पुढे झुकलेले कडे सहज सापडायचे, सप्टेंबर २०११ च्या बीटा १.८ नंतर जमिनीची घडण बदलली आणि बरीचशी सपाट झाली. उंच कडे पुन्हा मुबलक झाले ते ३० नोव्हेंबर २०२१ च्या १.१८ मधे, म्हणजे केव्ह्ज अँड क्लिफ्स अपडेटच्या दुसऱ्या भागात. जगाची उंची तेव्हा २५६ ब्लॉकवरून ३८४ झाली, खाली उणे ६४ पासून वर ३१९ पर्यंत.

खोदाई आणि लेण्यांशी साम्य

नाशिककराने असं घर खोदायला घेतलं की त्रिरश्मी डोंगरावरची पांडवलेणी डोळ्यासमोर येतातच, आणि ही तुलना वरवरची नाही म्हणून थोडं सविस्तर लिहितो. शहराच्या दक्षिणेला मुंबई-आग्रा महामार्गालगत ही २४ लेणी आहेत. साधारण इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंतचं काम धरतात, क्रमांक १९ च्या लेण्यात सातवाहन राजा कण्ह याचं नाव असलेला लेख आहे, त्याच्या आधारे काही अभ्यासक सुरुवात आणखी मागे, इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात नेतात. क्रमांक ३ चं गौतमीपुत्र विहार आणि क्रमांक १० चं नहपान विहार यांची रचना बघा, पुढे खांबांची ओसरी, आत मोठं मोकळं दालन आणि त्याच्या तिन्ही बाजूंना भिक्खूंच्या लहान खोल्या. गेममधे मोठं घर करायचं असेल तर याहून सरस नकाशा मला तरी माहीत नाही. ओसरीत काचा आणि दार, दालनात पेट्या आणि क्राफ्टिंग टेबल, एका खोलीत बेड, एकीत भट्ट्या, एकीतून खाली खाणीचा जिना, आणि उद्या वाढवायचं झालं तर कुठल्याही खोलीची मागची भिंत फोडून पुढे जाता येतं, दालन जागचं हलत नाही.

खोदायचा क्रमही तिथूनच घ्यावा. पश्चिम भारतातली अर्धवट सोडलेली लेणी नीट पाहिली की कळतं, काम छतापासून सुरू करून खाली उतरत आणलेलं आहे, त्यामुळे वरच्या कामासाठी परांची बांधायची वेळ येत नाही. गेममधे पण तेच. सर्व्हायव्हलमधे हात साधारण ४.५ ब्लॉकपर्यंत पोचतो आणि नजर पायापासून १.६२ ब्लॉकवर असते, म्हणजे जमिनीवर उभं राहून पाचसहा ब्लॉक उंचीपर्यंत ठीक, त्यावरचं फोडायला मातीचे खांब रचत बसावं लागतं, आणि उडी मारून हवेत असताना फोडायला गेलं तर वेग पाचपट कमी. त्यापेक्षा कड्यावर जिथे छत यायचंय त्या उंचीवर आधी आत शिरायचं, छताचा थर पूर्ण मोकळा करायचा, मग पायाखालचा एकेक थर काढत खाली यायचं. छताचे कोपरे सरळ येतात आणि टॉर्च वरच्या वर लावून होतात.

फरक एकच पण मोठा आहे. पांडवलेण्यांचा बेसाल्ट वरचा भार खरोखर तोलतो, गेममधला दगड तोलत नाही आणि पडतही नाही, खालचं सगळं काढलं तरी जागेवर राहतो. खाली येते ती वाळू आणि खडी. त्यामुळे खांब शोभेचेच, तरी ठेवावेत, मोठं दालन खांबांशिवाय गोदामासारखं दिसतं. खडीचा थर लागला तर मात्र आधी ती सगळी उतरवून घ्यायची, खाली टॉर्च ठेवला की पडणारी खडी त्यावर फुटत जाते आणि काम लवकर आटपतं.

हिशोब सोपा आहे. ९ लांब, ७ रुंद, ४ उंच खोली म्हणजे २५२ ब्लॉक. दगडी कुदळ १३१ ब्लॉक फोडते, दोन कुदळी पुरतात, लाकडी घेतली तर ५९ ला मोडते म्हणून पाच लागतील. निघालेला कॉबलस्टोन (फोडलेला दगड) चार स्टॅकला (एक स्टॅक ६४ चा) चार कमी, त्यातून भट्टीला ८ जातात, बाकी दाराकडची भिंत, जिने आणि कुंपण याला.

उजेड आणि मागची भिंत

इथे सगळ्यात जास्त गफलत होते. टॉर्चचा उजेड स्वतःच्या जागी १४ असतो आणि दर ब्लॉकला एकाने कमी होतो, तोही तिरका मोजायचा नाही, आडवं अधिक उभं असं मोजायचं. वरच्या ९×७ खोलीत बरोबर मधे जमिनीवर एक टॉर्च ठेवला तर कोपरा ४ अधिक ३ म्हणजे ७ ब्लॉक लांब, तिथे उजेड ७. पूर्वी ७ किंवा त्याहून कमी उजेडात मॉब तयार व्हायचे, म्हणजे एक टॉर्च लावून निवांत झोपलेल्याच्या घरात चारही कोपरे धोक्याचे. १.१८ पासून नियम बदलला, ब्लॉकचा उजेड शून्य असेल तिथेच मॉब येतात, त्यामुळे त्याच खोलीला आता एक टॉर्च पुरतो. जुन्या लिखाणात आठ-आठ टॉर्च लावा असं असतं ते त्या काळासाठी बरोबरच होतं. अजून एक लक्षात ठेवायचं, खेळणाऱ्यापासून २४ ब्लॉकच्या आत मॉब तयार होत नाहीत, म्हणून अंधारी खोली आपण घरात असताना गुणी वाटते आणि लांब फिरून परत आलो की आत क्रीपर उभा.

मागच्या भिंतीचा त्रास वेगळा. कड्याच्या पोटात न दिसणारी गुहा असेल आणि तिच्यात झोंबी असेल तर बेडवर क्लिक केल्यावर गेम सांगतो की जवळ राक्षस आहेत, झोपता येणार नाही. खोलीत तर कोणीच नसतं. जावा एडिशनमधे (कॉम्प्युटरवरच्या मूळ आवृत्तीत) ही तपासणी आडवी ८ आणि उभी ५ ब्लॉकपर्यंत चालते आणि मधे भिंत आहे का ते बघत नाही. उपाय म्हणजे बेड कड्याच्या तोंडाकडच्या खोलीत ठेवणं, किंवा आवाजाचा माग काढत त्या गुहेपर्यंत बोगदा नेऊन तिथे टॉर्च लावून टाकणं. दुसरा उपाय कष्टाचा पण खरा. डोंगराळ बायोममधे (प्रदेशात) सिल्व्हरफिश नावाचे किडे दडलेले दगड पण असतात, दिसायला साध्या दगडासारखेच, फोडला की किडा बाहेर. त्याच डोंगरांत पाचूही मिळतो, म्हणून लोक ही जागा सोडत नाहीत.

तोंड, उंची, पाणी

पुढची भिंत दगडाची ठेवावी. स्फोट सोसायची ताकद मातीची ०.५, फळ्यांची ३, दगडाची आणि कॉबलस्टोनची ६, क्रीपर दाराशी फुटला तर दगडालाही भोक पडतं पण फळ्यांची भिंत जाते तेवढी जात नाही. हार्ड लेव्हलला झोंबी लाकडी दार तोडतात, तिथे लोखंडी दार आणि आत बटण. कोळी कडा चढून येतो, त्याला अडवायला दाराच्या वर किंवा गॅलरीखाली एक ब्लॉक बाहेर काढलेली कड पुरते.

गॅलरी उंचावर हवी असेल तर पडायचं गणित करून ठेवावं, पहिले ३ ब्लॉक माफ, पुढे दर ब्लॉकला अर्धं हृदय, २३ ब्लॉकवरून पूर्ण दहा हृदयं जातात. खाली एक ब्लॉक खोल पाणी असलं तर कितीही उंचीवरून पडलं तरी काही होत नाही, म्हणून कड्याच्या पायथ्याशी छोटं कुंड हवंच. आत पाणी न्यायला दोन बादल्या पुरतात, २×२ खड्ड्याच्या समोरासमोरच्या कोपऱ्यात ओतल्या की ते कधी संपत नाही. शेतासाठी एका पाण्याच्या ब्लॉकभोवती चारही बाजूंना ४ ब्लॉक ओल जाते, गव्हाला उजेड ९ लागतो, टॉर्चवर होतं.

काळा दगड

आपल्याकडचा दगड काळा, गेममधल्या कड्याचा राखाडी, त्यामुळे पांडवलेण्यांसारखं घर हवं असणाऱ्याची अडचण होते. बेसाल्ट नावाचा ब्लॉक २०२० च्या नेदर अपडेटमधे आला खरा पण तो मुख्यतः नेदर या गेममधल्या पाताळासारख्या जगात. सोयीचा पर्याय डीपस्लेट (खोलातला गडद दगड), वाय म्हणजे उंचीचा आकडा ८ च्या खाली मिसळू लागतो आणि शून्याखाली सगळीकडे तोच. फोडायला साध्या दगडाच्या दुप्पट कठीण, म्हणून लोखंडी कुदळ घ्यावी. पूर्ण घर त्यातलं करायच्या भानगडीत न पडता ओसरी, खांब आणि जमीन तेवढी डीपस्लेटची केली तरी रूप येतं.

मोबाइलवर

फोनवरच्या पॉकेट एडिशनमधे जुलै २०१४ च्या ०.९.० पर्यंत जग २५६×२५६ एवढंच होतं आणि डोंगरात गुहा नव्हत्या, म्हणजे त्या काळात मागच्या भिंतीचा प्रश्नच नव्हता. सप्टेंबर २०१७ पासून मोबाइल, विंडोज आणि कन्सोल हळूहळू एकाच बेडरॉक एडिशनवर आले, त्यामुळे नाशिकच्या सिडकोतला फोनवर आणि गंगापूर रोडचा कॉम्प्युटरवर बसून एकाच कड्यात खोदू शकतो. जावा आणि बेडरॉकची जगं मात्र आपसात जोडली जात नाहीत, दोघांनी मिळून घर काढायचं असेल तर कोण कुठली एडिशन वापरतो ते पहिला ब्लॉक फोडायच्या आधी विचारून घ्यावं.