कंडक्टिव्ह गोंदांचं मिश्रण आणि पेटंटमधला 'ऑब्व्हियस' प्रश्न

कंडक्टिव्ह अ‍ॅडहेसिव्ह म्हणजे चिकटवता चिकटवता करंटही वाहून नेणारा गोंद, बहुतेक वेळा इपॉक्सीत चांदीचे बारीक फ्लेक्स घातलेला. असे आधीच माहीत असलेले दोन गोंद कुणी एकत्र केले तर पेटंट मिळतं का? 'हे आधी कुणी केलं नव्हतं' एवढ्यानं ते फक्त नवीन ठरतं, पण त्या क्षेत्रातल्या साधारण जाणकाराला ते सहज सुचलं असतं का, म्हणजे ते 'ऑब्व्हियस' आहे का, ही परीक्षा वेगळी आणि खरी अडचण तिथंच असते.

अमेरिकेत हे पेटंट कायद्याच्या कलम १०३ मध्ये येतं. २००७ च्या केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की माहीत असलेल्या गोष्टी माहीत असलेल्या पद्धतीनं जोडून अपेक्षित तेच हाती आलं तर ते बहुधा ऑब्व्हियसच. त्याआधी १९८० च्या केरखोव्हन प्रकरणात दोन डिटर्जंट पावडरी एकत्र करण्याबद्दल अपील कोर्ट म्हणालं होतं की दोन्ही एकाच कामाच्या असतील तर मिसळायची कल्पना ओघानंच येते. गोंदालाही हे लागू पडतं, म्हणजे चांदीवाला एक आणि निकेलवाला दुसरा मिसळला आणि कंडक्टिव्हिटी दोघांच्या मधे कुठंतरी आली, तर त्यात शोध कसला!

पण सगळे गोंद एका जातीचे नसतात. चांदीचा नेहमीचा गोंद सगळ्या दिशांना करंट नेतो, तर डिस्प्लेच्या काचेवर लावतात त्या फिल्ममध्ये काही मायक्रॉनचे, धातूचा मुलामा दिलेले प्लास्टिकचे गोळे मुद्दाम विरळ ठेवलेले असतात, दाबल्यावर ते फक्त वर-खाली करंट नेतात, शेजारच्या पॅडला नाही. त्या फिल्ममध्ये फ्लेक्स भरपूर ओतले तर कण एकमेकांना टेकून शॉर्ट होणार, त्यामुळं जाणकार माणूस त्या वाटेला जायला कचरेल. तरीही कुणी ते जमवून दाखवलं तर अर्जदाराची बाजू भक्कम. १९६६ च्या अ‍ॅडम्स बॅटरी खटल्यात तसंच झालं, घटक जुनेच, पण जुनं ज्ञान त्या जोडणीपासून परावृत्त करणारं होतं, म्हणून पेटंट टिकलं.

कण वाढवत नेले की एका टप्प्यावर कंडक्टिव्हिटी अचानक उडी मारते, त्याला काही अर्जदार 'अनपेक्षित' म्हणतात, पण ही परकोलेशनची, म्हणजे कण एकमेकांना टेकून सलग वाट तयार होण्याची, उडी पाठ्यपुस्तकातली आहे, अर्ज तपासणारा एक्झामिनर भुलत नाही. आणि आकडे एकाच प्रमाणाचे दाखवून दावा मात्र १ ते ९० टक्क्यांचा केला, तर तो पुरावा सबंध दाव्याला पुरत नाही.