ब्रेक सोडला, तरी चाक सुटत नाही?
जुन्या गाड्यांच्या मालकांसाठी माहितीपत्रक

गाडी आमच्याकडे आणण्याआधी हे वाचा. कदाचित एखादा चांगला कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) भंगारात जाण्यापासून वाचेल.

‘गाडी दबून चालते’ म्हणून येणारे बहुतेक जण आधी इंजिनावर संशय घेतात. कार्बोरेटर साफ करून झालेला असतो, प्लग नवे असतात, टायमिंग दोनदा जुळवलेलं असतं. मग कधीतरी सपाट जागेवर गाडी न्यूट्रलमध्ये ढकलायची वेळ येते आणि दोघांनी जोर लावूनही ती इंचभर हलत नाही. ब्रेक धरून राहिलाय, हे तेव्हा कळतं. पेट्रोल जास्त जाणं, गाडी एका बाजूला ओढणं, जळक्या लायनरचा (ब्रेकमधल्या घासणाऱ्या थराचा) वास येणं, चालवता चालवता पेडल वर येऊन दगडासारखं कडक होणं, हे सगळं त्यातलंच.

आमचं म्हणणं एवढंच आहे की गरम झालेलं चाक आजार दाखवतं, पण आजार त्याच चाकात असेल असं नाही. म्हणून चाक खोलण्याआधी दाब कुठे अडकलाय ते शोधायचं.

कोणतं चाक, आणि कधी?

पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवा. शेवटचा टप्पा शक्यतो ब्रेक न मारता, वेग आपोआप कमी होऊ देत थांबा. हाताची पालथी बाजू प्रत्येक चाकाजवळ न्या. टेकवू नका, ड्रम भाजून काढतो. पुढची चाकं मागच्यांपेक्षा गरम असणारच, कारण ब्रेक लावला की वजन पुढे येतं. तुलना करायची ती एकाच ॲक्सलच्या डाव्या-उजव्या चाकांची. ड्रमपेक्षा हबचा मधला भागच जास्त तापला असेल, तर बेअरिंग जास्त आवळलेलं असू शकतं. ते दुखणं वेगळं. जॅग्वार ई-टाइपसारख्या गाडीत मागच्या डिस्क चाकात नसून आत डिफरन्शियलला लागून असतात, त्यामुळे तिथे चाकाजवळ हात नेऊन काहीच कळणार नाही.

आता वेळ पाहा. गार गाडीतही चाक अडत असेल तर हँडब्रेक, चुकीची ॲडजस्टमेंट किंवा गंज. निघताना मोकळी आणि काही अंतरानंतर धरायला लागणारी गाडी असेल, तर संशय ब्रेक ऑइलच्या वाटेवर. एकच चाक धरत असेल तर ते चाक किंवा त्याचा होज पाइप (चाकापर्यंत ऑइल नेणारी लवचिक रबरी नळी). पुढची दोन्ही किंवा चारही धरत असतील तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइलला दाब देणारा मुख्य सिलिंडर). मागची दोन्ही धरत असतील तर आधी हँडब्रेक पाहायचा, पण तिथेच थांबायचं नाही. सलग ॲक्सल असलेल्या बऱ्याच गाड्यांत मागच्या दोन्ही चाकांना मिळून एकच होज असतो. तो बिघडला की दोन्ही चाकं एकदम अडतात आणि मेकॅनिक दोन्ही ड्रम उघडून बसतो.

एका पान्याची परीक्षा

गाडी सपाट जागी घ्या, जमिनीवरच्या चाकांना ठोकळे लावा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका, घोडीवर (ॲक्सल स्टँडवर) टेकवा. चाक अडलेलं असतानाच ही परीक्षा करायची, पण ब्रेक एवढा निवू द्या की हात भाजणार नाही.

आधी पायाच्या बोटांनी पेडल वर उचला. तेवढ्यानं चाक सुटलं तर दोष पेडलचाच: मेलेली स्प्रिंग, वर सरकलेली मॅट किंवा जास्त पुढे बसवलेला ब्रेक-लाइटचा स्विच. हसू येईल, पण असंही होतं.

पेडल उचलून फरक पडला नाही तर अडलेल्या चाकाच्या ब्लीडर निपलवर (ऑइल बाहेर काढायच्या छोट्या स्क्रूवर) पारदर्शक नळी चढवा, तिचं दुसरं टोक बाटलीत सोडा आणि निपल पाव फेरा सैल करा. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं, तर दाब वरून अडकलेला होता. म्हणजे चाकातली यंत्रणा बहुधा निर्दोष आहे. ऑइल नुसतं पाझरलं आणि चाक होतं तसंच राहिलं, तर अडचण चाकातच आहे. निपल लगेच बंद करा. एकदा दाब सुटला की पुरावाही गेला, पुढच्या परीक्षेसाठी तो दोष पुन्हा निर्माण करावा लागतो.

इथपर्यंतचं काम घरी जमण्यासारखं आहे. यापुढे धातूच्या पाइपांचे नट सैल करावे लागतात, आणि जुने नट पान्यात गोल होतात नाहीतर पाइपासकट पिळले जातात. ते आमच्यावर सोडा. आम्ही मास्टर सिलिंडरपासून सुरुवात करून एकेक जोड खाली उघडत येतो. जिथे उघडल्यावर चाक सुटतं, दोष त्याच्या लगेच वर असतो.

मास्टर सिलिंडरचं बारीक भोक

ब्रेक ऑइलच्या डबीतून सिलिंडरमध्ये उतरणारं एक सुईच्या टोकाएवढं भोक असतं. पाय काढला की पिस्टनची रबरी वॉशर त्या भोकाच्या मागे गेली पाहिजे, म्हणजे तापून फुगलेलं ऑइल डबीत परत जाऊ शकतं. पुशरॉड (पेडलचा जोर पिस्टनवर नेणारा दांडा) आणि पिस्टन यांच्यात प्ले, म्हणजे थोडी मोकळी फट, नसेल तर वॉशर भोकावरच उभी राहते. मग ऑइल तापतं, फुगतं, त्याला वाट मिळत नाही, लायनर थोडं दाबलं जातं, त्यामुळे आणखी तापतं, आणखी फुगतं. वीस मिनिटांनी गाडी जागच्या जागी उभी. तासाभरानं गार झाली की काही झालंच नाही अशी चालू लागते.

प्ले किती हवा ते गाडीगणिक बदलतं. फोक्सवॅगन बीटलमध्ये पुशरॉडपाशी साधारण 1 मिलिमीटर, म्हणजे पेडलपाशी 5 ते 7. ब्रेक सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारा भाग) असेल तर त्याचा पुशरॉड लांब पडूनही हेच होतं. मास्टर सिलिंडरचे नट सैल करून तो दोन-तीन मिलिमीटर पुढे ओढला आणि चाकं सुटली, की निदान झालं. त्या वेळी पेडलवर कुणाचाही पाय नको.

पुढच्या ड्रमच्या जागी नंतर डिस्क बसवल्या असतील तर आम्हाला आवर्जून सांगा. ड्रमच्या काही सिस्टिममध्ये पाइपात सुमारे 10 पीएसआय दाब मुद्दाम राखणारा व्हॉल्व्ह असतो. ड्रमच्या स्प्रिंगा तो सहज पेलतात. डिस्कला मागे खेचणारी स्प्रिंगच नसते, त्यामुळे पॅड कायम घासत राहतात.

बाहेरून नवा, आतून बंद

आम्ही सर्वात जास्त वेळा जो भाग बदलतो तो होज पाइप. एका गाडीचे पुढचे कॅलिपर आमच्याकडे येण्याआधीच दोनदा बदलून झाले होते. होज काळा, गुळगुळीत, एक भेग नाही. काढून ब्लेडनं उभा चिरला तर आतलं रबर सुजून वाट काडीएवढी उरलेली, आणि एका जागी रबराचा पापुद्रा जिभेसारखा लोंबत होता. जोरात ब्रेक मारला की ऑइलचा दाब 50 बारच्या वर सहज जातो, तो अशा अडथळ्यातूनही पलीकडे पोचतो. परत येताना मात्र मागे ढकलायला कॅलिपरच्या सीलचा किंचितसा पीळ काय तो असतो. म्हणून ब्रेक लागतो झटकन आणि सुटतो सावकाश, किंवा सुटतच नाही. काही होजना मधे लोखंडी पट्टीची पकड असते. ती गंजून फुगली की होज बाहेरूनही आवळला जातो. होज आम्ही ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचे बदलतो. एकच बदला असा आग्रह धरू नका.

चाकातलीच अडचण असेल तर

डिस्कमध्ये बहुधा पिस्टन गंजलेला असतो. धूळरबराखाली पाहा: क्रोमवर खड्डे पडले असतील तर घासून उपयोग नाही, पिस्टन आणि सील दोन्ही बदलावे लागतात. पॅड किंचित घासल्याचा आवाज येणं हा दोष नव्हे.

ड्रममध्ये स्प्रिंगा ताणल्या गेलेल्या असतात, चुकीच्या भोकात अडकवलेल्या असतात, नाहीतर शू (लायनर बसवलेली कमानदार पट्टी) जिथे टेकतो तिथे मागच्या प्लेटवर खाच पडून त्यात तो अडकतो. ॲडजस्टर चाक अडेपर्यंत आवळायचा आणि मोकळं फिरेपर्यंत सोडायचा. हे झाल्यावरच हँडब्रेकच्या केबलला हात लावायचा. आधी केबल ताणली की शू कायम थोडे उघडे राहतात. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ड्रममधली धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका. ओल्या फडक्यानं पुसा.

ऑइलबद्दल

डॉट 3, 4 आणि 5.1 या प्रकारची ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतात. ताज्या डॉट 4 चा उत्कलनांक किमान 230 अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरलेल्याचा 155 पर्यंत उतरतो, आणि तेच पाणी पिस्टन गंजवतं. दर दोन वर्षांनी बदला. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळू नका. डबीत चुकून इंजिन ऑइल पडलं असेल तर गाडी चालवू नका, लगेच कळवा. खनिज तेलानं रबर फुगतं आणि मग सिस्टिममधला एकही सील भरवशाचा राहत नाही. नंतरच्या सिट्रोएन डीएससारख्या गाडीत उलट, तिला हिरवं खनिज तेलच लागतं.

रस्त्यात चाकातून धूर आला तर

थांबा आणि निवू द्या. पाणी ओतू नका, तापलेला ड्रम तडकतो. हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये टाकून चाकांना ठोकळे लावा. निवल्यावर मोकळी झाली म्हणून चालवत आणू नका, उचलून आणा. एवढं तापल्यावर बेअरिंगचं ग्रीस वितळून लायनरवर आलेलं असू शकतं, म्हणून ते आम्ही न विचारता तपासतो.

येताना एका कागदावर लिहून आणा: कोणतं चाक, किती वेळानं, कोणतं ऑइल, आणि ब्रेकचं शेवटचं काम काय झालं होतं. काढलेले जुने भाग फेकले नसतील तर तेही आणा, विशेषतः होज.