जोड कुटुंबाला धुळीनं हाकललं की बँकेनं?

जॉन स्टाइनबेकची 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' (1939) ही 'डस्ट बोल'ची, म्हणजे 1930 च्या दशकात अमेरिकेत आलेल्या धुळीच्या आपत्तीची कादंबरी, असं सर्रास लिहिलं जातं. धुळीची वादळं आली, शेतं उडाली, माणसं कॅलिफोर्नियाला निघाली. पण धुळीची ती आपत्ती आणि कादंबरीतल्या जोड या शेतकरी कुटुंबाचं देशोधडीला लागणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ केली की कादंबरी कुणावर बोट ठेवते, तेच दिसेनासं होतं.

नकाशा उघडून बघा. डस्ट बोलचा गाभा म्हणजे ओक्लाहोमाचा पश्चिमेकडचा चिंचोळा पट्टा आणि त्याला लागून असलेले टेक्सस, कॅन्सस, कोलोरॅडो, न्यू मेक्सिकोचे भाग. गव्हासाठी तिथलं गवताळ माळरान नांगरून काढलं होतं. पाऊस रुसला आणि उघडी पडलेली माती वाऱ्याबरोबर निघाली. 14 एप्रिल 1935 च्या वादळात भरदिवसा अंधार झाला. तरीही तिथली बहुतेक माणसं गाव सोडून गेली नाहीत.

जोड मंडळी सॅलिसॉची. हे गाव ओक्लाहोमाच्या पूर्व टोकाला, त्या पट्ट्यापासून शेकडो किलोमीटर दूर. हा मुलूख कापसाचा आणि कुळांचा. दुष्काळ इथेही होताच, पहिल्या प्रकरणात करपलेला मका आणि धूळ आहेच; गैरसमजाचं मूळ बहुधा तिथेच असावं. पण माणसं उठली ती मुख्यतः जमीन हातातून गेली म्हणून. कापसाचे भाव कोसळले होते. 1933 पासून सरकार पेरा कमी करण्यासाठी पैसे देऊ लागलं, ते प्रामुख्यानं मालकांच्या हाती पडले. अनेकांनी कुळं काढली आणि ट्रॅक्टर आणले. आपल्याकडे पुढे 1948 साली कूळ कायदा आला, तसा आधार या लोकांना नव्हता.

पाचवं प्रकरण सावकाश वाचावं. डोळ्यांवर गॉगल, नाकातोंडावर रबरी मास्क लावलेला ट्रॅक्टरवाला सरळ रेघेत येतो, कुणाचं अंगण मध्ये आलं तरी वळत नाही. तो ओळखीच्याच माणसाचा पोरगा निघतो. रोजचे तीन डॉलर मिळतात, घरी पोरं आहेत. त्या तीन डॉलरपायी शंभरेक माणसं रस्त्यावर येताहेत, हे कूळ त्याला सुनावतं. बंदूक रोखायची तरी कुणावर? ट्रॅक्टरवाल्याला हुकूम बँकेचा, बँकेला हुकूम देशाच्या पूर्वेकडून. माझ्या मते सगळी कादंबरी याच संवादावर उभी आहे. धुळीला दोष देऊन मोकळं होता येतं. इथे निर्णय माणसांनी घेतलेत आणि जाब द्यायला समोर कुणीच नाही.

पुढे 66 नंबरच्या रस्त्यानं दोन्हीकडची माणसं गेली आणि कॅलिफोर्नियात सगळ्यांना एकच हेटाळणीचं नाव पडलं, 'ओकी', म्हणजे ओक्लाहोमावाले. तिथे कोण कापसाच्या गावचा नि कोण गव्हाच्या, हे विचारणार कोण?

जोड कुटुंबाला जिथे सरकारी छावणीत थोडा काळ माणसासारखं राहता येतं, ती वीडपॅचची छावणी कॅलिफोर्नियाच्या कर्न काउंटीतली, म्हणजे जिल्ह्यातली. त्याच काउंटीनं ऑगस्ट 1939 मध्ये आपल्या शाळा आणि वाचनालयांतून ही कादंबरी हद्दपार केली. तिथल्या बड्या बागायतदारांचा राग धुळीच्या वर्णनावर नव्हता, मजुरांना मिळणारी वागणूक छापून आली यावर होता.