पालकांना स्काऊट पथकात लीडर व्हायचे असेल तर: पात्रता, कागदपत्रे, नेमणूक

मूल पथकात आहे म्हणून पालक आपोआप लीडर होत नाहीत. बाहेरच्या कोणाही प्रौढाची होते तीच छाननी पालकांचीही होते, आणि ती व्हायलाच हवी.

पात्रता

आधीचा अनुभव लागत नाही; गाठी, तंबू, नकाशावाचन प्रशिक्षणात शिकवतात. लागतो तो वेळ: दर आठवड्याची सभा, तिची तयारी, अधूनमधून मुक्कामी शिबिर. वयाची अट संघटनेनुसार बदलते. ब्रिटनमध्ये लीडरला १८ वर्षे पूर्ण लागतात. अमेरिकेत प्रत्येक उपक्रमाला २१ वर्षे पूर्ण केलेले किमान दोन नोंदणीकृत प्रौढ लागतात. दर आठवड्याला जमणार नसेल तर मदतनीस म्हणून नाव द्या. वर्षाच्या मध्येच सोडून जाणाऱ्या लीडरपेक्षा ठरल्या दिवशी नक्की येणारा मदतनीस मुलांच्या जास्त उपयोगी पडतो.

अर्ज आणि कागदपत्रे

अर्ज गटप्रमुखांकडे द्यायचा. सोबत ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, पार्श्वभूमी तपासणीची सही केलेली संमती आणि तुम्हाला ओळखणाऱ्या दोघांची नावे. अर्ज अडकतो तो बहुधा या नावांपाशी. नवरा, बायको, भाऊ चालत नाहीत. तुम्हाला कामात किंवा मुलांसोबत वावरताना पाहिलेली माणसे निवडा आणि त्यांना आधी कळवून ठेवा. नाहीतर चौकशीचे पत्र त्यांच्याकडे नुसते पडून राहते.

दुसरी अडचण आडनावाची. एका कागदावर माहेरचे, दुसऱ्यावर सासरचे असेल तर पडताळणी परत येते. दोन्ही नावे अर्जात लिहा, नावबदलाचा पुरावा जोडा. मागचे पत्ते विचारले असतील तर मधला एकही महिना रिकामा सोडू नका. जुना खटला असेल तर स्वतःहून नोंदवा. दडवलेली गोष्ट नंतर निघाली, तर मूळ प्रकरणापेक्षा दडवणेच जड जाते.

मुलाखत आणि प्रशिक्षण

स्वतःच्या मुलाने शिस्त मोडली तर काय कराल, याचा विचार करूनच मुलाखतीला जा. जमल्यास त्याच्या तुकडीऐवजी दुसरी तुकडी मागून घ्या. त्यालाही आईबाबांच्या नजरेबाहेर वावरायला मिळते.

बालसुरक्षेचे प्रशिक्षण मुलांमध्ये जाण्याआधीच पूर्ण करा आणि प्रमाणपत्राची मुदत लिहून ठेवा. त्यातला मुख्य नियम: दुसऱ्याच्या मुलासोबत नजरेआड एकटे राहायचे नाही. शिबिरात मध्यरात्री एखाद्याचे पोट दुखू लागले, तरी आधी दुसऱ्या लीडरला उठवायचे. सभेनंतर मुलाच्या मित्राला एकट्याला गाडीतून घरी सोडणेही यातच मोडते, आणि पालक नेमके इथेच चुकतात, कारण तो रोज घरी येणारा मुलगा असतो.

१९१९ पासून चालत आलेला वुड बॅज, म्हणजे लाकडी मण्यांचा मान, पुढच्या प्रशिक्षणानंतर मिळतो. पहिल्या वर्षी त्याची घाई नको. आधी प्रथमोपचार शिकून घ्या.

नेमणूक

नेमणूक ठरावीक भूमिकेपुरती असते. मूल कबमधून (लहान मुलांच्या विभागातून) स्काऊट विभागात गेले आणि तुम्हीही सोबत जाणार असाल, तर भूमिका बदलल्याची नोंद शिबिराच्या आधी करून घ्या.