शेपूट गिळणारा साप आणि अंड्याला वेढलेला साप: फरक काय?

गोल साप दिसला की लोक लगेच 'सृष्टीच्या उत्पत्तीचं गूढ चिन्ह' असं ठोकून देतात. अंगठी असो, टॅटू असो नाहीतर जुन्या पोथीतलं चित्र, अर्थ एकच, म्हणजे अक्षरशः साप साप म्हणून भुई धोपटणं. खरं तर हे साप दोन आहेत आणि उत्पत्तीची कथा त्यातल्या एकाचीच आहे.

पहिला ओरोबोरोस, स्वतःची शेपूट तोंडात धरलेला. त्याचं माहीत असलेलं सगळ्यात जुनं चित्र इजिप्तमधलं, तुतानखामन राजाच्या थडग्यातलं, इ.स.पू. १४ व्या शतकातलं. १९२२ मध्ये पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरला हे थडगं सापडलं, तिथे शवपेटीभोवती सोन्याने मढवलेली लाकडी मखरं एकात एक बसवलेली होती, त्यातल्या दुसऱ्या मखरावर ममीसारखी उभी आकृती आहे, डोक्याभोवती एक साप, पायांभोवती दुसरा, दोघांच्याही तोंडात आपापली शेपूट, आणि आजूबाजूचा बराच मजकूर मुद्दाम सांकेतिक चिन्हांत लिहिलेला. आता ही आकृती काही जन्माला येत नाहीये. रात्री पाताळात मृतांचा देव ओसायरिसशी एकरूप झालेला सूर्यदेव रा असा तिचा अर्थ लावतात, आणि साप त्याची राखण करतायत, कारण त्याला सकाळी परत उगवायचंय. म्हणजे हे कुंपण झालं. इजिप्तची उत्पत्तीकथा वेगळीच, नून नावाच्या आदिम पाण्यातून आतुम वर येतो ती.

नंतर किमयागारांनी हाच साप उचलला, क्लिओपात्रा नावाच्या किमयागार बाईच्या नावावर असलेल्या एका पानावर तो अर्धा काळा, अर्धा पांढरा आहे आणि मधोमध ग्रीकमध्ये लिहिलंय, सगळं एकच. (ही ती राणी नव्हे बरं का.)

दुसरा साप ऑर्फिक अंड्याचा. हा ग्रीकांचा, ऑर्फियस या पुराणकथेतल्या कवीच्या नावावर चालणाऱ्या पंथाचा, आणि इथे मात्र खरोखर जन्म आहे: काळ म्हणजे क्रोनोस अंडं घडवतो, ते फुटून सोनेरी पंखांचा आदिदेव फानेस बाहेर येतो. इंटरनेटवर फिरणारं अंड्याला विळखा घातलेल्या सापाचं चित्र मात्र इंग्रज लेखक जेकब ब्रायंटच्या १७७४ च्या ग्रंथातलं आहे, त्याला 'प्राचीन चिन्ह' म्हणून खपवणं अती झालं. खरा जुना पुरावा हवा तर इटलीत मोदेनाच्या संग्रहालयातलं दुसऱ्या शतकातलं शिल्प बघा. फानेसच्या डोक्यावर अर्धं कवच, पायाखाली अर्धं, अंगाभोवती साप आणि बाहेर बारा राशींचं कडं.

ओळखायचं कसं, तर आधी सापाचं तोंड बघा. शेपूट तोंडात असेल तर ओरोबोरोस. विळखा असेल आणि आत अंडं असेल तर ऑर्फिक. नुसतं अंडं असेल तर मात्र थांबा, ऋग्वेदातल्या हिरण्यगर्भ सूक्तात (१०.१२१) सोन्याचा गर्भ आहे पण त्याच्याभोवती साप नाहीच, तो आपणच नंतर चिकटवतो. आणि नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या, कथांमधला महासर्प योरमुंगांदर समुद्रात शेपूट चावून पडलेला असला तरी त्याची मोठी कामगिरी जगाच्या शेवटी आहे, थॉर देवाशी लढताना.