पितळी पुंगळी आणि पावसाळ्यावर आलेला आळ

काडतुसातले बाकी सगळे एकदाच जाते, पुंगळी, म्हणजे गोळी आणि दारू धरून ठेवणारी नळी, तेवढी परत हातात येते. ती पुन्हा भरता येईल का, हा प्रश्न पितळ आल्यावरचा. 1857 चे काडतूस कागदी होते. 1866 च्या आसपास प्राइमरच्या, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बुडातल्या टोपीच्या, दोन रचना निघाल्या. बॉक्सर इंग्रजाची, रुळली अमेरिकेत. बर्डन अमेरिकनाची, धरली युरोपने. बॉक्सरला मधोमध एकच छिद्र असल्याने जळका प्राइमर आतून सुईने ढकलता येतो. बर्डनची दोन छिद्रे कडेला, त्यामुळे तिथे सुई चालत नाही. सैन्याच्या .303 रायफलीच्या पुंगळ्या बहुतांशी बर्डनच, म्हणून पुन्हा भरणाऱ्याच्या त्या फारशा कामाच्या नाहीत.

खरा घोळ एका नावाने घातला. हिंदुस्थानातली इंग्रजी फौज पावसाळ्यात दारूगोळा तबेल्यांत ठेवी. पाऊस सरल्यावर पेट्या उघडाव्यात, तर न उडवलेल्या काडतुसांनाही तडे, तेही नेमके गोळी आवळलेल्या मानेपाशी. नाव पडले ‘सीझन क्रॅकिंग’. सीझन म्हणजे आपला पावसाळा! दोष हवेच्या माथी गेला आणि बरीच वर्षे तिथेच राहिला. 1921 मध्ये उलगडा झाला: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, जोडीला ओल, आणि थंड अवस्थेत ओढून घडवलेल्या पितळात कोंडलेला ताण. यांतले एक काढून घ्या, तडा जात नाही. कामठीची छावणी 1821 ची. घोडे आणि पाऊस तिथेही होतेच.

ताण काढायचा तर मंद आच. भंडाऱ्याच्या भांडीवाल्यांना हे नवे नाही. ठोकून ताठरलेले पितळ ते पुन्हा भट्टीत घालतात. पुंगळीत मात्र आच मानेलाच द्यायची. बूड कडकच हवे, दाब त्याला पेलायचा असतो. सैनिकी पुंगळीच्या मानेवर निळसर-तपकिरी पट्टा दिसतो, ती या आचेची खूण. मळ समजून तो घासून काढणारे महाभाग आजही भेटतात, आणि घासायला घेतात पितळ चमकवायचे पातळ पॉलिश, ज्यात बरेचदा अमोनियाच असतो. चिंचेत रात्रभर बुडवली, तर जस्त निघून पितळ गुलाबी पडते. अक्रोडाच्या टरफलांच्या भुग्यात फिरवलेली पुंगळी देवघरातल्या समईसारखी लखलखत नाही, पण टिकते.

सामान्य परवानाधारकाच्या हाती .315 ची रायफल आली, कारण सैन्याचे .303 त्याला बंद होते. 1972 च्या वन्यजीव कायद्याने आणि त्यातल्या 1991 च्या दुरुस्तीने विदर्भातली शिकार संपली आणि पुंगळी जपणारे उरले ते मुख्यतः नेमबाज. त्यांच्यापुढचा पेच 1959 च्या शस्त्र कायद्याचा. त्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भागही दारूगोळाच ठरतात. कलम 45 किरकोळ भागांना सूट देते, पण जोडीच्या भागांसोबत वापरायचा इरादा नसेल तरच. म्हणजे शोकेसमधली पुंगळी शोभेची. तीच भरायच्या इराद्याने ठेवली की गोष्ट वेगळी, कारण दारूगोळा बनवायला कलम 5 खाली निराळा परवाना लागतो. इरादा पुंगळीवर कोरलेला नसतो, ही नेमबाजांची तक्रार अगदीच पोकळ नाही.

तबेले गेले, अमोनिया गेला नाही. पीकसंरक्षणाच्या बंदुकीची काडतुसे आपल्याकडे बरेचदा गोठ्यालगतच्या खोलीत असतात, ओल धरलेल्या युरियाच्या पोत्याशेजारी.