प्रौढांचे बाल-कुमारसाहित्य वाचन

प्रौढांचे बाल-कुमारसाहित्य वाचन : मुलांसाठी किंवा कुमारवयीनांसाठी म्हणून छापलेल्या कथा-कादंबऱ्या मोठ्या माणसांनी स्वतःच्या आनंदासाठी वाचणे. शिक्षकाने वर्गासाठी पुस्तक निवडणे किंवा अभ्यासकाने ते संशोधनासाठी वाचणे यात धरत नाहीत. रात्री मुलांना वाचून दाखवणे हेही काटेकोरपणे यात येत नाही, पण या वाचनाचा उगम पुष्कळदा तिथेच असतो. मूल झोपी जाते, दिवा मात्र चालू राहतो, कारण पुढे काय झाले हे वाचणाऱ्यालाही कळायला हवे असते. दोन्ही वयांत चालणाऱ्या पुस्तकांना इंग्रजी प्रकाशनव्यवसायात ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात. मराठीत त्यासाठी वेगळा पारिभाषिक शब्द रुळलेला नाही, तरी ‘लहानथोर’ या जुन्या जोडशब्दात ही कल्पना पूर्वीपासून आहे.

पुस्तकावर वाचकाचे वय लिहिण्याची रीत अलीकडची; गोष्ट त्याहून कितीतरी जुनी. आज ‘आटपाट नगर होतं’ हे शब्द कानावर पडले की लहान मुलांची गोष्ट सुरू झाली असे वाटते. हे शब्द आले ते मात्र व्रतांच्या कहाण्यांतून, आणि श्रावणात त्या कहाण्या सांगत-ऐकत असत त्या प्रामुख्याने घरातल्या बायका. सोमवारची खुलभर दुधाची कहाणी घ्या. महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा म्हणून राजा घरोघरचे सगळे दूध मागवतो. राजाज्ञेच्या धाकाने लोक तान्ह्यांना आणि वासरांना उपाशी ठेवून दूध आणून ओततात, तरी गाभारा भरत नाही. एक म्हातारी आधी घरातल्या मुलांना दूध पाजते, लेकी-सुनांना देते, वासरांना सोडते आणि उरलेले खुलभर दूध घेऊन येते, तेव्हा तो भरतो. मुलाला यात दुधाचा चमत्कार दिसतो. घर चालवणाऱ्या बाईला ते उपाशी तान्हे आणि तो राजाचा हुकूम दिसतो. कहाणी दोघांचीही आहे आणि कोणाच्याही वाट्याला ती अर्धी येत नाही.

परीकथांबाबत ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक जे. आर. आर. टॉल्किन यांनी हेच सांगितले होते. १९३९ मध्ये स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात ते म्हणाले की, जुने झालेले सामानसुमान जसे मुलांच्या खोलीत ढकलले जाते, तशा परीकथा मुलांच्या खोलीत गेल्या. मुलांनी त्या मागितल्या म्हणून नव्हे, तर मोठ्यांना त्या नकोशा झाल्या म्हणून. आपल्या कहाण्यांचे आणि वेताळाच्या गोष्टींचेही असेच झाले. मोठी माणसे आज मुलांचे पुस्तक हाती घेतात, तेव्हा त्यांतली बरीचशी गोष्ट मुळात त्यांचीच असते.

मराठीत याचे सर्वांत ठळक उदाहरण ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. ते मुलांच्या हाती देण्याचे पुस्तक मानले जाते, बक्षीस समारंभात वाटले जाते, पाठ्यपुस्तकांत त्यातले उतारे येतात. त्याची मांडणी मात्र नीट पाहावी. प्रकरणांना ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी नावे आहेत, कारण आश्रमात रात्री जमलेल्या सोबत्यांना श्याम आपल्या आईच्या आठवणी सांगतो आहे. पुस्तकाच्या आत बसलेले ऐकणारे हे कळते सवरते लोक आहेत, आणि सांगणाराही आई गमावून बसलेला मोठा माणूस आहे.

अंघोळ झाल्यावर ओल्या पायांना माती लागेल म्हणून छोटा श्याम हट्ट धरतो आणि आई आपले लुगडे दगडावर पसरून त्याला त्यावर पाय ठेवू देते, हा प्रसंग बहुतेक मराठी माणसांना ठाऊक आहे. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस, तसा मनाला लागू नये म्हणून जप, हे आईचे सांगणे दहाव्या वर्षी सुविचार म्हणून लक्षात राहते. चाळिशीत तेच पान वाचताना नजर त्या लुगड्यावर थांबते. कर्जाच्या रात्रीही तसाच फरक पडतो. सावकाराचा माणूस वसुलीला दारात येतो आणि घरच्या बाईच्या कानांवर नको ते शब्द पडतात. मुलाच्या दृष्टीने तिथे एक वाईट माणूस आला एवढेच घडते. ज्याने स्वतः कर्जाचा हप्ता भरला आहे किंवा वडिलांना कोणापुढे मान खाली घालताना पाहिले आहे, त्याला ते पान पुढे उलटवत नाही. लहानपणी या पुस्तकावर रडलेल्या माणसाने मोठेपणी ते पुन्हा वाचले, तर बऱ्याचदा तो वेगळ्याच जागी रडतो. प्रौढ वाचकाला बालसाहित्य जे देते ते या दुसऱ्या जागेत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

इंग्रजीतही लेखकांना हा दुसरा वाचक माहीत होता. मार्क ट्वेन यांनी ‘टॉम सॉयर’च्या (१८७६) प्रस्तावनेतच म्हटले की पुस्तक मुख्यतः मुलामुलींसाठी असले तरी त्यामुळे मोठ्यांनी ते टाळू नये. सी. एस. लुईस यांनी ‘नार्निया’ या मुलांसाठीच्या अद्भुतकथांच्या मालेचे १९५० मधले पहिले पुस्तक आपल्या धर्मकन्येला अर्पण करताना लिहिले, की पुस्तक पुरे होईपर्यंत ती परीकथांच्या वयाबाहेर गेली आहे, पण एक दिवस पुन्हा परीकथा वाचण्याइतकी मोठी होईल.

बाजाराने या वाचकाची दखल घेतली ती हॅरी पॉटरमुळे. पहिले पुस्तक लंडनमध्ये १९९७ साली आले. पुढच्याच वर्षी प्रकाशकांनी प्रौढांसाठी वेगळे मुखपृष्ठ काढले: मुलांच्या आवृत्तीतले रंगीत चित्र जाऊन त्या जागी आगगाडीचे कृष्णधवल छायाचित्र आले. आतला मजकूर तोच होता. कामावर जाताना गाडीत पुस्तक उघडणाऱ्याला संकोच वाटू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. २००० च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने खपाच्या यादीतून मुलांची पुस्तके वेगळी काढून त्यांची स्वतंत्र यादी सुरू केली, कारण मुख्य यादीतल्या वरच्या जागा पॉटरनेच अडवल्या होत्या. फिलिप पुलमन यांच्या ‘दि अँबर स्पायग्लास’ला ब्रिटनमधला व्हिटब्रेड हा वर्षातील सर्वोत्तम पुस्तकाचा २००१ चा पुरस्कार मिळाला, मुलांसाठीच्या पुस्तकाला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. दोन वर्षांनी हाच पुरस्कार मार्क हॅडन यांच्या ज्या कादंबरीला मिळाला, ती मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी अशा दोन आवृत्त्यांत निघाली होती. अमेरिकेत बाउकर या संस्थेने २०१२ मध्ये केलेल्या पाहणीत बारा ते सतरा वयोगटासाठीची पुस्तके घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के ग्राहक अठरा किंवा त्याहून अधिक वयाचे निघाले. ती कोणासाठी घेतली असे विचारल्यावर ७८ टक्के वेळा उत्तर आले, स्वतःसाठी.

या वाचनावर टीकाही झाली. इंग्रज कादंबरीकार ए. एस. बायट यांनी २००३ मध्ये पॉटर वाचणाऱ्या मोठ्यांच्या बालिशपणावर लिहिले. २०१४ मध्ये रूथ ग्रॅहम यांनी ‘स्लेट’ या अमेरिकी ऑनलाइन नियतकालिकात थेट म्हटले की मुलांसाठी लिहिलेले वाचताना मोठ्यांना लाज वाटायला हवी, अशी पुस्तके सरळ समाधान देऊन मोकळी होतात, जगण्यातला गुंता त्यांत उरत नाही. हा आक्षेप कमकुवत पुस्तकांना लागू पडतो, पण तशी पुस्तके प्रौढांच्या कपाटातही असतात. त्यापेक्षा लुईस यांनी १९५२ मध्येच म्हटले होते ते अधिक पटते: जी बालकथा केवळ मुलांनाच आवडते ती चांगली बालकथा नव्हे.

एक काळजी मात्र खरी आहे, आणि ती मोठ्यांच्या अब्रूची नसून मुलांच्या हक्काची आहे. पैसे देणारा ग्राहक तिशीतला आहे हे दिसल्यावर इंग्रजी कुमार कादंबरीतली पात्रे सतरा-अठराची होत गेली, विषय त्या वयाचे झाले. तेरा वर्षांच्या मुलीसाठी लिहिलेले पुस्तक त्यात मागे पडते. मोठ्यांनी या घरात पाहुणे म्हणून जरूर यावे. घर मुलांचे आहे याचा विसर पडू नये.

मराठीत अडचण उलटी आहे. इथे कुमारांसाठीच्या कादंबऱ्या मुळातच थोड्या, त्यामुळे वाचक मोठा झाला तरी त्याच थोड्या पुस्तकांकडे परत येतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हे याचे चांगले उदाहरण. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवनातला विद्यार्थी, सायकल आणि तोंडून निघणारे ‘ट्टॉक्’. त्याच्या वीस पुस्तकांवर वाढलेली पिढी पुढे नोकरी-संसाराला लागली. २०१७ मध्ये आदित्य सरपोतदार यांनी चित्रपट केला तेव्हा फेणेही तरुण झालेला दाखवला, अमेय वाघने तो केला, आणि खुद्द भा. रा. भागवतांचे पात्र दिलीप प्रभावळकरांनी रंगवले. मुलांचा नायक त्याच्या वाचकांबरोबर वयाने वाढावा, असे मराठीत फारसे घडलेले नाही.

नियतकालिकांची ओढ वेगळी. ‘चांदोबा’ १९४७ मध्ये मद्रासमधून तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झाला, १९५२ पासून मराठीत येऊ लागला. खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला विक्रम हे शंकर यांचे चित्र ज्याने पाहिले, त्याच्या ते कायमचे डोळ्यांपुढे राहिले. मासिक पुढे बंद पडले. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात. ते उघडणाऱ्याला गोष्टीइतकाच त्या वेळच्या कागदाचा, चित्रांचा आणि दिवाळीच्या सुटीचा काळ हवा असतो. याला केवळ स्मरणरंजन म्हणून बाजूला सारू नये. आपण वाचक कसे झालो हे पाहायला माणूस तिथे जातो.

उलट दिशेने आलेली पुस्तकेही आहेत. प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या कथा (‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’) मोठ्यांच्या साहित्यात मोडतात, पण त्या सांगतो शाळकरी लंपन, बेळगावकडच्या कानडी वळणाच्या मराठीत, जागोजागी ‘मॅड’ हा शब्द पेरत. तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ (१९८१) ही एका जपानी शाळेची खरी आठवण. मराठीत ती मुलांनी वाचली आणि मुलांइतकीच पालकांनी, शिक्षकांनी वाचली. अशा पुस्तकांना कपाटात कुठे ठेवायचे हा ग्रंथपालाचा प्रश्न, वाचकाला तो पडत नाही.

मोठ्यांना या वाचनाकडे आणणारे आणखी एक कारण सध्या वाढते आहे, ते भाषेचे. इंग्रजी माध्यमात शिकलेली, घरी मराठी बोलणारी पण मराठी पुस्तक कधी पुरे न केलेली माणसे आता तिशी-चाळिशीत आहेत. त्यांच्यापैकी कोणाला मराठी वाचावेसे वाटले तर वृत्तपत्राचा अग्रलेख किंवा जाडजूड कादंबरी पहिल्याच पावली थकवते. माधुरी पुरंदऱ्यांची ‘राधाचं घर’सारखी चित्रपुस्तके किंवा त्यांचा ‘वाचू आनंदे’ हा वेच्यांचा संग्रह त्यांना हात देतो, कारण वाक्ये छोटी असली तरी मराठी अस्सल असते. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांतून मुले बाराखडी गिरवतात, तेव्हा घरी शेजारी बसलेली आईही तीच गोष्ट बोट ठेवून वाचते. ‘माजघर’, ‘फडताळ’, ‘पडवी’ असा शब्द येतो, मूल अर्थ विचारते, आईलाही तो नेमका सांगता येत नाही, आणि मग भारतात सकाळ झाली का ते पाहून आजीला फोन लावला जातो.